अंगणातला वृक्ष निवडताना

(पावसाळ्याच्या तोंडावर एका गृहरचना संस्थेच्या वृक्षारोपण कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप.)



येताना मी बाहेर मांडवात ओळीने मांडून ठेवलेली रोपे पाहिली. हातभर उंचीची, काळ्या पिशवीतली, टवटवीत. थोड्याच वेळात आपण ती आपापल्या दारात लावणार आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने वृक्षांचे माहात्म्य सांगावे असा प्रघात आहे. परंतु ते सांगण्याची येथे आवश्यकता नाही. ते मान्य आहे म्हणूनच आपण सकाळी सकाळी येथे जमलो आहोत. मी आज त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. झाड लावायचे हे ठरले. पण कोणते, आणि घरापासून किती अंतरावर?

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सगळे आयुष्य वृत्तपत्रात काढले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी एकच उत्तर आहे. एक भरल्या अंगाचे, फुलणारे झाड तोडण्याच्या अर्जावर माझी सही आहे.

एका गुलमोहराची गोष्ट

१९७४ साली माझ्या वडिलांनी सोलापुरात, त्या वेळी गावाबाहेर असलेल्या एका नव्या वसाहतीत घर बांधले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. भोवती काळी जमीन, दूरवर एखादी बाभळ, आणि मे महिन्यात भिंतींना हात लावता येणार नाही असे ऊन. सावली हवी होती आणि तीही लवकर हवी होती. त्या वर्षी वनमहोत्सवात अण्णांना गुलमोहराचे एक रोप मिळाले. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केलेला हा वनमहोत्सव तोवर शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून चांगला रुळला होता.

अण्णांनी ते रोप फाटकाच्या आत, घराच्या भिंतीपासून सहा फुटांवर लावले. तीच जागा का निवडली? कारण नळ तेथे होता. सोलापुरात पाण्याची किंमत किती, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. आई भांडी विसळलेले पाणी त्याच्या मुळाशी ओतीत असे. पाच-सहा वर्षांत झाड घराच्या वर गेले. मे महिन्यात ते फुलले की रस्त्याच्या टोकावरून आमचे घर ओळखू येई. पत्ता सांगताना आम्ही घराचा क्रमांक कधी सांगितलाच नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात त्याच्याच सावलीत पंगती बसल्या.

मग हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. प्रथम ओट्याची फरशी उचलली गेली. नंतर कुंपणाच्या भिंतीला तडा गेला. पाण्याचा हौद गळू लागला. तो दुरुस्त केला, पुन्हा गळला. सांडपाण्याची नळी उकरली तेव्हा आत मुळांचा पुंजका निघाला. अण्णा प्रत्येक वेळी गवंड्याला बोलावीत आणि झाडाला काही होणार नाही अशा बेताने काम करून घेत. अखेरीस २००७ सालच्या वळवाच्या पावसात मोठी फांदी कडाडून फाटकावर कोसळली. शेजारचा मुलगा तेव्हा सायकल बाहेर काढीत होता. दोन हातांच्या अंतराने तो वाचला.

त्यानंतर आमच्यापुढे पर्याय उरला नाही. अर्ज मी लिहिला, सही मी केली. रीतसर परवानगी मिळाली आणि २००८ मध्ये झाड उतरवले. दोन दिवस करवत चालू होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा ते दोन दिवस मागच्या खोलीत बसून होते. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, चूक माझी आणि शिक्षा त्याला."

बंधुभगिनींनो, आज मी जे सांगणार आहे ते सगळे त्या एका वाक्यात आहे. गुलमोहराने काहीही वावगे केले नव्हते. मूळ मादागास्करचे हे झाड. उंचीपेक्षा विस्ताराने अधिक वाढणारे, उथळ आणि दूरवर पसरणाऱ्या मुळांचे, ठिसूळ लाकडाचे. ते आपल्या स्वभावाप्रमाणेच वाढले. मोकळ्या मैदानाच्या कडेला असते तर ते अजून उभे राहिले असते. आपण पिशवीतले हातभर रोप पाहतो आणि त्याला हातभर जागा देतो. निवडायचा असतो तो वृक्ष, तीस-चाळीस वर्षांनंतरचा, पूर्ण वाढलेला. त्याला नजरेसमोर उभा करावा आणि मगच खड्डा खणावा.

पूर्वजांची मोजपट्टी

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. दोन झाडांमध्ये वीस हातांचे अंतर उत्तम, सोळा हातांचे मध्यम, आणि बारा हातांहून कमी तर नसावेच, असे त्यात स्पष्ट मोजमाप दिले आहे. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट. म्हणजे तीस फूट, चोवीस फूट आणि अठरा फूट. जवळजवळ लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांत गुंततात आणि ती नीट फळत नाहीत, असे कारणही तेथे दिले आहे. त्याच ग्रंथातील वास्तुविषयक अध्यायात घराजवळ काटेरी आणि चिकाची झाडे नसावीत असे म्हटले असून बकुळ, अशोक, पुन्नाग, फणस, शमी अशी झाडे प्रशस्त मानली आहेत. त्यातील शुभाशुभ फलांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु वड, पिंपळ, उंबर ही चिकाची झाडे भिंतीत मुळे घालतात आणि बकुळ घालत नाही, हा अनुभव कोणालाही घेता येतो.

दुसरे स्मरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राज्यनीतीचा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागते, आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी आहे, तरीही रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये असे त्यात बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. झाड जीर्णच झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. सत्तेने प्रजेच्या अंगणातील झाडाचा असा विचार करणे ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मात्र ज्या झाडाला लेकरू म्हणायचे, त्याच्या जन्माच्या वेळीच त्याच्यासाठी पुरेशी जागा राखणे हे आपले काम आहे.

अंगण, परस आणि पार

जुन्या गावाची रचना आठवून पाहा. अंगणात तुळशीवृंदावन. परसात शेवगा, कढीलिंब, केळ, कोकणात फणस आणि माड. आणि वड-पिंपळ कोठे? देवळापुढे, तळ्याच्या काठी, वेशीवर. त्यांना बांधलेला पार असे. तो कोणा एकाच्या मालकीचा नसे, सर्वांचा असे. आकाराने जेवढे झाड मोठे, तेवढे ते घरापासून दूर आणि समाजाच्या जवळ, अशी ही व्यवस्था होती.

शहरात आपण ही व्यवस्था विसरलो. वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून आणण्यापेक्षा वडाचे रोप लावावे, हा विचार अलीकडे रुजला. तो स्तुत्य आहे. परंतु ते रोप बंगल्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून लावले जाते आणि दहा वर्षांनी त्याच घरातील माणसे ते तोडण्याचा अर्ज घेऊन फिरतात. वड जरूर लावा. पण तो संस्थेच्या मोकळ्या मैदानात, नदीकाठी, गावच्या शाळेच्या आवारात लावा, आणि दहा घरांनी मिळून त्याला पाणी घाला. घराच्या गच्चीवर किंवा भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवला, तर तो दोन पानांचा असतानाच अलगद काढून योग्य जागी लावावा. भावनेपोटी तसाच ठेवला तर पुढे भिंत जाते आणि पिंपळही जातो.

जागा आधी, झाड नंतर

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट अंतराची. पूर्ण वाढलेल्या झाडाचा पर्णसंभार जेवढा रुंद होणार, त्याच्या निम्मे तरी अंतर भिंतीपासून हवे. ज्याचा घेर तीस फूट होणार, ते भिंतीपासून किमान पंधरा फुटांवर. मुळे खाली खोलवर जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची पुष्कळशी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. इमारतीभोवती जेथे दहा फुटांचीच जागा सोडलेली असते, तेथे लहान झाडाखेरीज दुसरा विचार करू नये. तळघरातील वाहनतळावर घातलेल्या दोन-तीन फूट मातीत तर मोठे झाड लावूच नये. ते उभे दिसते, पण त्याला पाय रोवायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्या पठारावर अनेक ठिकाणी काळी जमीन आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मोठे झाड पायालगत असेल तर ते एका बाजूचा ओलावा अधिक शोषते आणि पाया असमान खचण्याचा संभव वाढतो. अशा जमिनीत अंतर थोडे अधिकच ठेवावे. नळ्यांविषयी एक गैरसमज आहे. धड नळी मुळे सहसा फोडीत नाहीत. गळक्या सांध्यातून आलेल्या ओलाव्यामागे ती आत शिरतात. म्हणून झाडाला दोष देण्यापूर्वी सांधे तपासावेत. आमच्या घरी हे आम्हांला फार उशिरा कळले.

तिसरी गोष्ट दिशेची. महाराष्ट्रात घर तापते ते मुख्यतः दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने. सावलीची खरी गरज पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला असते. मात्र पावसाळ्यातला जोराचा वाराही त्याच बाजूने येतो, आणि वळवाच्या वाऱ्याला तर दिशाच नसते. तेव्हा पश्चिमेला झाड हवेच, पण ते मध्यम उंचीचे आणि चिवट लाकडाचे हवे. झटपट वाढणारे झाड बहुधा ठिसूळ असते. शेवग्यावर चढू नये असे आजी सांगत असे, त्यामागे हेच कारण होते.

चौथी गोष्ट वर पाहण्याची. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर वीस फुटांवर जाणारे झाड तेथे लावणे म्हणजे दरवर्षी त्याचे मस्तक उडवण्याची व्यवस्था करणे होय. एका बाजूने छाटलेले झाड तोल गमावते आणि वादळात पडते. तेव्हा आपण म्हणतो, झाड पडले. खरे पाहता ते पडेल अशी तजवीज आपणच करून ठेवलेली असते.

मग लावावे तरी काय?

लहान जागेसाठी पहिले नाव पारिजातकाचे. बेताची उंची, पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात पहाटे पडणारा सडा. दुसरा आपटा. हे लहानसे, वाकड्यातिकड्या खोडाचे झाड आपल्याकडे सहज वाढते. दसऱ्याला आपण बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकत घेतो आणि रानातले खरे आपटे मात्र ओरबाडले जातात. दारात एक आपटा असावा आणि दसऱ्याला त्याची दोन पाने हाताने खुडून शेजाऱ्याला द्यावीत. फांदी तोडण्याचे कारण नाही. कांचनही लहान जागेला उत्तम. कढीलिंब, लिंबू, डाळिंब ही स्वयंपाकघराजवळची मंडळी आहेतच.

मध्यम जागेसाठी, म्हणजे पंधरा-वीस फूट मोकळी जमीन असेल तेथे, माझी पहिली पसंती बकुळीला. सदाहरित, गोल, दाट सावली. वाढ अतिशय सावकाश, पण लाकूड कठीण. लहान ताऱ्यांसारखी फुले सुकली तरी गंध सोडीत नाहीत. दुसरा ताम्हण, आपले राज्यपुष्प. उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी बहरतो. हा मूळचा ओढ्यानाल्यांच्या काठचा रहिवासी, म्हणून कोरड्या भागात त्याला पाण्याची सोय हवी. तिसरा बहावा. कमी पाण्यावर तग धरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत सोन्याची झुंबरे लटकवतो. मात्र हे लक्षात ठेवावे की फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पाने फारशी नसतात. ऐन उन्हाळ्यात सावली हवी असेल त्याने बहाव्यावर विसंबू नये. त्याने करंज लावावा. करंजाला चैत्राच्या सुमारास नवी पालवी येते आणि मे महिन्यात त्याची सावली गडद असते. सीताअशोक हवा असेल तर त्याला थोडी सावली आणि ओलावा द्यावा लागतो. रस्तोरस्ती दिसणारा तो उंच, सरळसोट हिरवा 'अशोक' निराळा, हेही ध्यानात असावे.

ज्यांच्यापाशी घराभोवती तीस फूट मोकळी जागा आहे त्या भाग्यवंतांनी कडुनिंब किंवा आंबा लावावा. गुढीला लागणारा निंबाचा डहाळा आणि तोरणाची आंब्याची पाने घरचीच मिळतील.

देशी-विदेशीचा विवेक

एक प्रश्न नेहमी विचारला जातो, देशीच झाडे लावायची का? माझे उत्तर होय असे आहे, पण कारण समजून घेऊन. येथील पक्षी, फुलपाखरे आणि कीटक यांचा येथील वृक्षांशी हजारो वर्षांचा ऋणानुबंध आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत झटपट हिरवळ हवी म्हणून सुबाभूळ आणि गिरिपुष्प सर्वत्र लावले गेले. दोन्ही मध्य अमेरिकेकडचे. सुबाभूळ तर पुढे अनेक टेकड्यांवर आवरेनासा झाला. पर्जन्यवृक्षही अमेरिका खंडातलाच. रस्त्यांवर त्याने अपार सावली दिली, परंतु मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने त्यातील कितीतरी वठले. एकाच जातीवर भिस्त ठेवली की असे होते.

पण विवेक सोडू नये. आपली चिंच मुळात आफ्रिकेतली आणि देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिकेतला. त्यांना आता परके कोण म्हणेल? जे झाड उभे आहे ते विदेशी म्हणून तोडणे हा अविचार ठरेल. नवे निवडताना मात्र अग्रक्रम देशी वृक्षाला द्यावा.

लावल्यानंतर

खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. माती चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून भरावी. पिशवी फाडून काढावी. मुळे आत गोल गोल फिरलेली असतील तर ती सोडवून लावावी, नाहीतर तोच फास पुढे खोडाला बसतो. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे. आणि हात जोडून एक विनंती. वाढल्यानंतर बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा ठोकळे नेऊ नयेत. तीन-चार फूट माती उघडी ठेवावी. अंगण स्वच्छ दिसावे म्हणून आपण ज्याचा श्वास कोंडतो, ते झाड पुढे वादळात आपल्याच छपरावर येते.

कायदाही ध्यानात असू द्या. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार शहरात स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेने तर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे. आज लावलेले आपले रोप पन्नास वर्षांनी वारसा ठरावे की अडचण, हे आज आपण निवडलेल्या जागेवर अवलंबून आहे.

शेवटी पुन्हा सोलापूरच्या घराकडे वळतो. गुलमोहर गेल्यानंतर वर्षभर अण्णांनी झाडाचा विषय काढला नाही. २००९ च्या जूनमध्ये एके दिवशी ते मोजपट्टी घेऊन अंगणात उभे राहिले. मला म्हणाले, "टोक भिंतीला धर." अठरा फूट मोजले, वर तार नाही हे पाहिले, खाली नळी नाही याची खात्री करून घेतली, आणि तेथे बकुळ लावली. मी म्हणालो, "अण्णा, बकुळ फार हळू वाढते." पुढचे वाक्य मी गिळले. त्यांना ते कळले असावे. ते म्हणाले, "मला सावली हवी होती तेव्हा घाई केली. आता सावली तुम्हांला हवी आहे, मला कसली घाई?"

२०१३ मध्ये अण्णा गेले, तेव्हा ती बकुळ माझ्या खांद्याइतकी होती. काही वर्षांनी तिला फुले आली. माझी नातवंडे आता तिच्याखाली खेळतात आणि तिच्या मुळाशी एकही फरशी उचललेली नाही.

तेव्हा बाहेर जाऊन रोप हातात घेण्यापूर्वी, संस्थेच्या कार्यालयातून एक मोजपट्टी मागून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.